मांडवीजवळच्या पेढीतून घेतलेली जुनी मोत्याची अंगठी

गेल्या मार्गशीर्षात मी बडोद्यात, मांडवीपासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या पेढीतून मोत्याची अंगठी विकत घेतली. ती घेण्यापूर्वी जवळजवळ पाच महिने मी शहरातली आणि बाहेरची दुकाने पाहत होते. अंगठी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीसाठी हवी होती. साखरपुड्यात हिऱ्याऐवजी जुनी, कोणीतरी पूर्वी वापरलेली मोत्याची अंगठी बोटात असावी असा तिचा आग्रह होता, आणि बडोद्यात राहणाऱ्या मावशीने ती शोधावी हे तिने परस्पर ठरवून टाकले होते. पेढीच्या मालकांनी आपले नाव कुठे लिहू नये अशी विनंती केली आहे, कारण जुना माल ओळखीतून येतो आणि ओळखीतूनच जातो; ती विनंती पाळून, त्यांच्याकडे काय पाहिले, काय तपासले आणि काय घेतले ते सविस्तर लिहीत आहे.

मोत्यांच्या बाबतीत बडोद्याच्या ग्राहकाची एक अडचण आहे. महाराज खंडेराव गायकवाडांचा सात पदरी मोत्यांचा हार आणि त्यांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेली मोत्यांची चादर यांची कीर्ती इतकी मोठी आहे, की दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात मोत्याचा विषय निघाला की त्या दोन वस्तूंवर येऊन थांबतो. त्या हारातल्या निवडक ६८ मोत्यांचा दोन पदरी हार २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला, आणि चादर २००९ साली दोहा येथे विकली गेली. ही माहिती आता प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असते. त्यामुळे बडोद्यात कुणी मळकट पिवळा मणी पुढे ठेवला तरी तो ‘बसरा’, म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती, असतो, आणि तो राजवाड्याशी संबंधित कुण्या सरदार घराण्यातून आलेला असतो. पाच महिन्यांत मी असे चौदा ‘सरदारी’ दागिने पाहिले. त्यांपैकी एकाच्याही बरोबर त्या घराण्याचा जुना फोटो, यादी किंवा पावती नव्हती.

बसरा हा शब्द मुळात बाजाराचा आहे. मोती निघत ते इराणच्या आखातात, मुख्यतः बहारीनच्या आसपासच्या उथळ समुद्रात, आणि तिथून मुंबईला येत. मुंबईत त्यांना वेज, म्हणजे ओवण्याचे छिद्र, पाडले जाई, प्रतवारी होई आणि रेशमात ओवलेल्या जुड्या होऊन ते पुढे जात. खऱ्या मोत्याचे मोल वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात चढे. चव हे मोत्यांचे जुने माप त्याच हिशेबाचे आहे. वजन दुप्पट झाले की मोल चौपट होते. म्हणूनच वेज पाडणारा कारागीर छिद्र शक्य तितके बारीक ठेवी आणि दोन्ही बाजूंनी आत येत मध्यभागी मिळवी, कारण भुग्याबरोबर पैसेही जात. जुन्या नथीतले किंवा तन्मण्याच्या सरातले मोती दहापट भिंगाखाली पाहिले तर हे बारीक वेज लगेच ओळखू येतात. त्यातून साधी सुईसुद्धा जात नाही. आजच्या माळांतले मोती त्यामानाने ऐसपैस वेजाचे असतात.

दुसरी गोष्ट काळाची. शिंपल्यात मुद्दाम मणी घालून मोती वाढवण्याचा मार्ग जपानमध्ये सापडला. मिकिमोतो यांना १८९३ साली अर्धगोल मोती मिळाला, पूर्ण गोल मोत्याचे तंत्र पुढच्या दोन दशकांत पक्के झाले, आणि १९२०च्या आसपास असे मोती जगाच्या बाजारात आले. त्यानंतर दहा वर्षांत नैसर्गिक मोत्याचा भाव कोसळला. बहारीनमध्ये १९३२ साली तेल सापडले आणि पाणबुडे हळूहळू त्या कामाकडे वळले. ग्राहकाला याचा उपयोग असा, की एखादी अंगठी पणजीच्या लग्नातली, १९०५ सालची आहे असे कोणी सांगितले आणि तिच्यातला मोती वाढवलेला निघाला, तर मोती नंतर बसवलेला आहे हे निश्चित. तो बसवण्यात काही गैर नाही, कारण अंगठीतले मोती झिजतात आणि बदलावे लागतात, पण विक्रेत्याने ते सांगितले पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे लावली पाहिजे.

मी जिथे फसले ती गोष्टही इथे सांगणे मला आवश्यक वाटते. सहा वर्षांपूर्वी एका चकचकीत दालनातून मी ‘जुन्या बसरा मोत्यांच्या’ कुड्या घेतल्या होत्या. घाट सुरेख होता, सोने काळसर करून त्याला जुनेपणा आणला होता, आणि प्रत्येक कुडीतले सातही मोती एकसारखे पांढरे शुभ्र होते. त्या एकसारखेपणानेच मला सावध करायला हवे होते, कारण नैसर्गिक मोती रंगाने बहुधा सायीसारखे किंवा फिकट पिवळसर असतात आणि सात मोत्यांत दोन तरी थोडे वाकडे निघतात. दोन पावसाळ्यांत वेजाच्या कडेचा पापुद्रा सुटला आणि आतून काच चमकू लागली. त्या दालनाच्या बिलावर ‘मोती कुडी, एक जोड’ एवढेच लिहिले होते. तक्रार करायला गेले तेव्हा त्या चार शब्दांत माझ्या बाजूचे काहीच नव्हते.

मांडवीजवळची ही पेढी बाहेरून पाहिली तर कुणी आत जाणार नाही. रुंदी जेमतेम आठ फूट आहे. आत गादी, लोखंडी तिजोरी, पितळी तराजू आणि त्याच्या शेजारी नवा इलेक्ट्रॉनिक काटा. मालक गुजराती आहेत, पण आजोबांच्या काळापासून गिऱ्हाईक दांडिया बाजार, रावपुरा आणि राजमहाल रोडचे मराठी असल्यामुळे नथ, बुगडी, चिंचपेटी, वाकी, लफ्फा, तन्मण्याचे खोड हे सगळे शब्द त्यांच्या तोंडात आमच्याइतकेच सहज आहेत. ‘बेन, आधी बसा, मोती घाईने दिसत नाही,’ असे म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी मला अर्धा तास एकही वस्तू न दाखवता काय हवे आहे तेवढेच विचारले. अंगठी रोज घालणार का, मुलगी स्वयंपाक करते का, हाताला घाम येतो का. मला तेव्हा हे प्रश्न अनावश्यक वाटले होते. आता वाटते की मोत्याच्या अंगठीचा व्यवहार याच प्रश्नांनी सुरू व्हायला हवा.

याचे कारण मोत्याच्या घडणीत आहे. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. रत्नांत तो अतिशय मऊ, काठिण्याच्या मापावर अडीच ते साडेचारच्या दरम्यानचा. घाम, लिंबू, व्हिनेगर, अत्तर या सगळ्यांनी त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो. गळ्यातला सर कपड्यावर किंवा कातडीवर स्वस्थ पडून असतो, नथ सणावारी निघते. अंगठी मात्र दाराच्या कडीला लागते, भांड्याला घासते आणि हात धुताना साबणात बुडते. म्हणून जुन्या मोत्याच्या दागिन्यांत चांगल्या अवस्थेतली अंगठी सर्वांत दुर्मीळ, आणि तिची निवड सर्वांत कठीण. शंभर वर्षे वापरलेल्या अंगठीतला मोती आरशासारखा लखलखीत असेल, तर आधी मोती बदलला आहे का हेच विचारावे.

दुसऱ्या भेटीत त्यांनी निळ्या मखमलीवर तीन अंगठ्या ठेवल्या. पहिलीत मोठा, पांढरा, पाणीदार मोती होता आणि माझी बहीण तीवरच खिळली होती. मालकांनी अंगठी आडवी धरून बाजूने दाखवली. मोत्याखालची वाटी मोत्याहून मोठी होती आणि फटीत पिवळट डिंक दिसत होता. धरून ठेवणारे चारही पंजे एकदा उघडून परत दाबल्याच्या खुणा होत्या. अंगठी जुनी, मोती वीस वर्षांपूर्वी त्यांच्याच कारागिराने बसवलेला. हे आम्ही विचारण्यापूर्वीच त्यांनी सांगितले. दुसरी चांदीची, चंद्राची अंगठी होती. पत्रिकेप्रमाणे घालायच्या अशा अंगठीत अविंध, म्हणजे छिद्र न पाडलेला, मोतीच लागतो, आणि तो बंद घरात चारी बाजूंनी दाबून बसवलेला असतो, त्यामुळे वेजातून आत पाहण्याचा मार्गच राहत नाही. या अंगठीतला मोती वरून खडूसारखा पडला होता. अशी अंगठी कुणाच्या आठवणीसाठी जपावी, वापरण्यासाठी विकत घेऊ नये असे माझे मत झाले.

तिसरी आम्ही घेतली. सुमारे सहा मिलिमीटरचा, सायीच्या रंगाचा, किंचित गुलाबी झाक असलेला मोती. दोन्ही बाजूंना एकेक बारीक माणिक. मागून उघडे कोंदण. वळ्याचा तळहाताकडचा भाग झिजून पातळ झाला होता आणि वाटीच्या काठाशी मोत्याची एक अरुंद पट्टी मंद पडली होती. ही पट्टी प्रत्येकाने पाहावी असे मी आवर्जून सांगेन. घाम आणि साबण मोती आणि वाटी यांच्या मधल्या खाचेत साचतात आणि तिथे मोती प्रथम मरतो; समोरून कितीही सुंदर दिसला तरी खाली खाल्लेला मोती काही वर्षांत सैल होऊन पडतो. इथे पट्टी अरुंद होती, वरचा मोती जिवंत होता. खिडकीजवळ नेला तेव्हा खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब त्यात स्पष्ट उमटले, आणि माझ्या मते मोत्याच्या पाण्याची याहून सोपी परीक्षा नाही.

मोती वाटीतल्या खुंटीवर थोडा हलत होता. मालकांनी तो पक्का करून देतो म्हटले आणि आमच्यासमोरच कारागिराला बोलावून मोती खुंटीवरून काढवला. पाच महिन्यांत मला मिळालेली ही सर्वांत मोलाची संधी होती. अर्ध्यापर्यंत पाडलेल्या वेजात भिंगातून पाहिले, तर काठापासून थोडे आत एक गडद रेघ स्पष्ट दिसत होती: बाहेर मोत्याचे थर आणि आत शिंपल्याचा घडवलेला मणी. म्हणजे मोती वाढवलेला होता. बहीण क्षणभर हिरमुसली. मी मात्र त्या रेघेच्या बाहेरचा थर पाहत होते. तो चांगला जाड होता, त्यामुळे इतक्या वर्षांच्या वापरानंतरही मोत्याचे पाणी टिकले होते. पातळ थराच्या मोत्याला जोरदार उजेडासमोर फिरवले की आतल्या मण्याचे पट्टे दिसतात. याचे दिसले नाहीत. सोन्याच्या घडणीवरून अंगठी गेल्या शतकाच्या मध्याची असावी असा मालकांचा अंदाज आहे, आणि मोती तिच्याबरोबरचाच असावा, कारण वाटी मोत्याला नेमकी बसते आणि कुठेही नव्या डाखेची, म्हणजे सांधकामाची, खूण नाही.

मोती काढल्यामुळे दुसराही हिशेब उघड झाला. मोत्यासह अंगठीचे वजन ३ ग्रॅम ९२० मिलिग्रॅम, मोत्याविना ३ ग्रॅम ६१०. अनेक दुकानांत जुन्या दागिन्याचे एकूण वजन धरून त्यावर सोन्याचा भाव लावतात, आणि ग्राहक मोत्याचे पैसे दोनदा देतो, एकदा सोने म्हणून आणि एकदा मोती म्हणून. इथे ३१० मिलिग्रॅम आधीच वजा झाले, माणकांची सूट वेगळी मिळाली, सोन्याचा कस यंत्रावर १८ कॅरटच्या किंचित वर आला आणि भाव १८चाच लागला. घडणावळ लावली नाही. मोती पक्का करण्याची मजुरी तेवढी घेतली. मोत्याचे साडेतीन हजार रुपये झाले. त्याच तिजोरीत प्रयोगशाळेच्या दाखल्यासह ठेवलेला, याच्यापेक्षा लहान नैसर्गिक मोती होता आणि त्याची किंमत याच्या अनेक पटींनी होती. रेघ दिसली नसती आणि ‘बसरा’ या एका शब्दावर आम्ही विश्वास ठेवला असता, तर किती पैसे गेले असते याचा अंदाज त्यावरून येतो.

बिलावर त्यांनी स्वतःहून लिहून दिले: वापरलेली सोन्याची अंगठी, १८ कॅरट, निव्वळ वजन इतके, एक संवर्धित मोती, दोन माणिक, वय अंदाजे. ‘अंदाजे’ हा शब्द लिहिणाऱ्या दुकानदारावर माझा विश्वास बसतो. हॉलमार्कचा प्रश्नही आम्ही विचारला. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला तो जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने, आणि अक्षरे आणि अंक मिळून सहा चिन्हांच्या क्रमांकाशिवाय दुकानदाराने दागिना विकू नये हा नियम एप्रिल २०२३पासूनचा. म्हणून त्यांनी आठ दिवस मागून घेतले, अंगठी हॉलमार्क केंद्रात पाठवून तिच्यावर क्रमांक उमटवून आणला आणि मगच ती ताब्यात दिली. जुन्या अंगठीच्या आतल्या बाजूला ताजा क्रमांक दिसला तर तेवढ्यावरून ती नवी ठरवू नये, पण तो केव्हा आणि का उमटवला हे विचारावे.

नैसर्गिक मोत्याचीच हौस असेल, तर क्ष-किरण तपासणीला पर्याय नाही. मोती दाताला घासून पाहण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. खरा मोती कचकचतो, काचेचा गुळगुळीत लागतो. पण वाढवलेला मोतीही अगदी तसाच कचकचतो, त्यामुळे त्या परीक्षेने फक्त काच बाजूला होते, शिवाय परक्याच्या दागिन्यावर ओरखडा उठतो. मुंबई आणि जयपूर येथील रत्नपरीक्षण प्रयोगशाळांत मोत्याची अंतर्रचना पाहून दाखला देतात. सुटा मोती तपासणे सोपे असते. अंगठीतल्या मोत्याच्या बाबतीत धातू किरणांच्या आड येतो, म्हणून मोठ्या किमतीचा सौदा असेल तर मोती काढून तपासण्याची अट आधीच घालावी, आणि दाखला येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. आणखी एक बाब, मुले परदेशात असलेल्या घरांसाठी. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. आपण घेतलेला दागिना खरोखरच तितका जुना असेल, तर तो अमेरिकेतल्या सुनेला पाठवण्याचा बेत आधीच सोडून द्यावा.

पेढीत उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. आतला उजेड पिवळा आहे, ज्यात प्रत्येक मोती सायीचा दिसतो. बाहेर ओट्यावर नेऊन पाहण्याची परवानगी मिळते, पण ती मागावी लागते. मोत्याचे सर ओवण्यासाठी त्यांचा पटवेकरी आठवड्यातून एकदाच येतो आणि तो येईपर्यंत सैल झालेले सरही तसेच दाखवले जातात. त्यांतल्या एका तन्मण्याचा रेशमी दोरा माझ्या हातातच तुटायच्या बेतात होता. माप बदलून घेतलेली अंगठी परत घेत नाहीत. आम्ही माप अर्ध्या अंकाने वाढवून घेतले, त्यामुळे आमच्यासाठी तो मार्ग बंद झाला. आणि दागिना कुठल्या घरातून आला हे ते कधीही सांगत नाहीत. विकणाऱ्याची अब्रू राखण्याची त्यांची भूमिका मला समजते, पण त्यामुळे दागिन्याचा इतिहास तिथेच तुटतो, आणि ज्यांना वस्तूबरोबर तिची कुळकथा हवी आहे त्यांची इथे निराशा होईल.

भाचीला मी रेघेची हकीकत फोनवर सांगितली तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, मला बसरा नकोच होता गं, जुनी अंगठी हवी होती.’ साखरपुड्यात तिने ती घातली. रोजच्या वापरासाठी मी तिला साधे सोन्याचे वळे दिले आहे, आणि मोत्याची अंगठी बाहेर जाताना, अत्तर लावून झाल्यावर, सर्वांत शेवटी घालायची असे ठरले आहे. घरी आल्यावर ती मऊ ओल्या फडक्याने पुसायची आणि सुती कापडात ठेवायची. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत किंवा वर्षानुवर्षे कोरड्या लॉकरात ठेवलेला मोती तडकतो. माझ्या सासूबाईंच्या चिंचपेटीतले तीन मोती असेच गेले.

पेढीत जायचे असेल तर सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान जावे, तेव्हा ओट्यावर सरळ ऊन नसते आणि उजेड भरपूर असतो. दहापट भिंग स्वतःचे न्यावे. त्यांच्याकडे एकच आहे आणि ते बहुतेक वेळा कारागिराच्या डोळ्याला असते. पटवेकरी गुरुवारी येतो. सासूबाईंच्या चिंचपेटीसाठी जुन्या बारीक वेजाचे तीन मोती जमतात का ते पाहायला मी याच गुरुवारी जाणार आहे.